परिक्रय आणि मजुरांचा पुरवठा

यज्ञातील बहुतेक सर्व क्रिया ऋत्विज, म्हणजे दक्षिणा देऊन नेमलेले पुरोहित, पार पाडत असताना यज्ञाचे फळ मात्र यजमानाला का मिळावे, हा प्रश्न जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात चर्चिला गेला आहे. मोबदला देऊन दुसऱ्याचे श्रम आपलेसे करण्याच्या व्यवहाराला मीमांसक ‘परिक्रय’ म्हणतात, आणि परिक्रयामुळे ऋत्विजाने केलेले कर्म यजमानाचेच ठरते, असे त्यांचे उत्तर आहे. त्याच अध्यायात पुढे असाही निर्णय दिला आहे की, विशेष वचन नसेल तर परिक्रय हे स्वामीचेच कर्म होय. म्हणजे आहुती दुसऱ्याच्या हातून पडली तरी चालते, पण त्या दुसऱ्याला कामाला लावणे आणि त्याला दक्षिणा देणे यजमानाला इतरांवर सोपवता येत नाही.

बांधकामांना आणि कारखान्यांना मनुष्यबळ पुरवणारी आजची व्यवस्था नेमके हेच सोपवते. इमारत एकाची, यंत्रे एकाची, उत्पादनावरचे नाव एकाचे. मात्र मजूर निवडणे, आणणे, त्याची हजेरी मांडणे आणि त्याला पगार देणे हे सारे ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराकडून पुष्कळदा त्याच्याही खालच्या मुकादमाकडे जाते. श्रमाचे फळ यजमानाकडे येते आणि परिक्रय तिसऱ्याच्या हाती राहतो, तेव्हा मजुराविषयीचे कर्तव्य नेमके कोणाचे, हा प्रश्न कायद्याचा असण्याआधी धर्माचा आहे. येथे धर्म हा शब्द ज्याचे त्याला टाळता न येणारे कर्तव्य या अर्थाने घ्यावयाचा.

भारतीय विचारपरंपरेने करणारा आणि करवणारा यांच्यात अंतर फारसे पडू दिलेले नाही. पाणिनीच्या व्याकरणात कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्या प्रयोजकालाही कर्ता ही संज्ञा मिळते, आणि योगसूत्रांत हिंसेचे प्रकार सांगताना स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली हिंसा एकाच पंक्तीत बसवली आहे. अर्थात मीमांसेच्या यज्ञमंडपात माती वाहणाऱ्या मजुराला स्थान नव्हते, हे विसरून तिच्यापुढे मान तुकवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिचा नियम घ्यावयाचा तो तिने ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्यासाठीच घ्यावयास हवा.

1982 च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी जी बांधकामे चालू होती, त्यांवर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा प्रांतांतून जमादारांनी, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थांनी, माणसे आणली होती. किमान वेतन दिवसाला 9.25 रुपये असताना त्यातला एक रुपया जमादार दलाली म्हणून कापून घेत आणि मजुराच्या हाती 8.25 रुपये पडत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कामगार कायदे पाळण्याची जबाबदारी ठेकेदारांवर टाकून शासन व त्याच्या यंत्रणांना हात झटकता येणार नाहीत, आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करवून घेतलेले काम ही संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली वेठ होय, असा निर्णय न्यायमूर्ती भगवती व न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांनी दिला.

तो एक रुपया कशाचा होता, हे नीट पाहिले पाहिजे, कारण मध्यस्थ निरुपयोगी असतो असे म्हणणे खरे नव्हे. परक्या शहरात उतरलेल्या माणसाला काम कोठे आहे हे तोच सांगतो, घरची अडचण भागवण्यासाठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तोच देतो, आणि पुष्कळदा तो त्याच गावचा असतो. या सेवेला मोल आहे. पण माणूस मिळवणे हा परिक्रयाचा भाग असेल आणि परिक्रय स्वामीचे कर्म असेल, तर ते मोल चुकवणेही स्वामीकडेच येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1997 च्या 181 व्या करारानेही, काही अपवाद ठेवून, खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये असे ठरवले आहे. मजुराला कामावर आणण्याचा खर्च मजुराच्याच घामातून वसूल करणे हा यजमानाने आपली दक्षिणा ऋत्विजाकडूनच काढून घेण्यासारखा अधर्म आहे.

कंत्राटी कामगारांविषयीच्या 1970 च्या कायद्याने ठेकेदार पगार देत असताना प्रमुख नियोक्त्याचा, म्हणजे ज्याच्यासाठी काम चालते त्या मालकाचा, प्रतिनिधी तेथे हजर असावा, आणि ठेकेदाराने पगार थकवला तर तो मालकाने द्यावा, असे बंधन घातले होते. यातील हजेरीची अट किरकोळ वाटते, परंतु पैसा कोणाच्याही हातून गेला तरी घेणाऱ्याचा चेहरा मालकाच्या बाजूने कोणीतरी पाहिलाच पाहिजे, हे तिच्यात गृहीत आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात धन्याची सेवकांविषयीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत शक्तीनुसार काम नेमून देणे आणि आजारपणात शुश्रूषा करणे ही दोन आहेत, आणि दोन्ही समोरचा माणूस पाहिल्याशिवाय पार पडत नाहीत. परांचीवरून पडलेल्या मजुराचे नाव मालकाच्या हजेरीपटावर नसते. तो पडतो मात्र मालकाच्याच भिंतीवरून.