तपासण्या किती, आणि कोणत्या?

हैदराबादेत अमीरपेट असो की हिमायतनगर, लॅबच्या पाट्यांवर ‘फुल बॉडी चेकअप’च्या सवलती हमखास दिसतात. एका सुईत साठ-सत्तर चाचण्या म्हटल्यावर दर चाचणीमागे किती कमी पैसे पडले, एवढाच हिशेब आपण करतो. हिशेबाची ही रीतच मला चुकीची वाटते. निकाल काहीही आला तरी उपचारात काडीचाही फरक पडणार नसेल, तर ती चाचणी फुकटातही महागच. बहुतेक चाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा अशी आखलेली असते, की निरोगी माणसांपैकीही पाच टक्के तिच्याबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचे सगळे आकडे मर्यादेत येण्याची शक्यता जेमतेम 36 टक्के उरते. बाकीच्यांच्या रिपोर्टात एखादा आकडा ठळक छापून येतो. मग पुन्हा रक्त, सोनोग्राफी, तज्ज्ञाची फी, बुडालेली रजा आणि घरभर धास्ती. हा खर्च पाटीवर नसतो.

नेमकी चाचणी काय करू शकते, याचा पुरावा एकेकाळी हैदराबाद संस्थानातच असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय यांनी तिथे 1999 साली 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास सुरू केला. गावांचे चार गट पाडले: एकात या कर्करोगामागच्या विषाणूचा शोध घेणारी एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पेशी तपासणारी पॅप स्मिअर, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. 2009 साली निष्कर्ष छापून आले. चौथ्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 64 मृत्यू झाले होते, एचपीव्ही गटात 34. आणि तेही आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीवर. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. (चौथ्या गटाला चाचणीविना ठेवलं यावर पुढे टीका झाली, आणि ती रास्तच होती.) मुंबईत मात्र प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तीच ॲसिटिक ॲसिडची पाहणी केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. चाचणी तीच, पण कोण करतं आणि किती वेळा, यावर निकाल फिरला.

यावर कुणी म्हणेल, ‘ज्याला परवडतं त्याने सगळं तपासलं तर बिघडलं काय? आमच्या ओळखीत एकाचा कर्करोग असाच वेळेत सापडला.’ ही भावना खरी आहे, पण लवकर सापडणं म्हणजे वाचणं नव्हे. दक्षिण कोरियात सोनोग्राफीचा सुळसुळाट झाला आणि 2011 पर्यंत थायरॉइड कर्करोगाचं निदान 1993च्या पंधरापट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो लोकांची ग्रंथी मात्र गेली आणि जन्मभराची गोळी मागे लागली. सरसकट आरोग्यतपासणीचा परिणाम पाहणाऱ्या, अडीच लाख माणसांवरच्या प्रयोगांचा 2019चा कॉक्रेन आढावाही हेच सांगतो: एकूण मृत्यूंत जवळजवळ फरक नाही. लक्षणं असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, त्याची तपासणी झालीच पाहिजे.

मग तिशीनंतर काय करावं? रक्तदाब मोजावा. साखरेसाठी आधी वय, कमरेचा घेर, हालचाल आणि आई-वडिलांचा मधुमेह या चार गोष्टींवरून चेन्नईत तयार झालेला धोक्याचा गुणांक काढावा. तो जास्त आला तर रक्त द्यावं. तंबाखू खाणाऱ्याचं तोंड टॉर्चने पाहावं, स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी व्हावी. यातलं बरंचसं हैदराबादेतल्या वस्तीवरच्या सरकारी बस्ती दवाखान्यात होऊ शकतं. वाचलेला पैसा रक्तदाब सापडलेल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला गोळी मिळते का, आणि तो ती घेतो का, हे पाहणाऱ्या नर्सच्या पगारावर खर्च व्हावा.