दहा दिवसांचे पाहुणे

अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या चर्चची सेवापथके आठ-दहा दिवसांसाठी कंबोडियातील अनाथालयांत जातात. भिंती रंगवतात, बायबलमधल्या गोष्टी सांगतात, मुलांना कडेवर घेतात. हेतूत खोट नसते. पण २००५ ते २०१० या काळात तिथली अनाथालये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि युनिसेफच्या सांगण्यानुसार त्यांतल्या चारपैकी जवळपास तीन मुलांची आई किंवा वडील हयात होते. मग ही ‘अनाथ’ मुले आली कुठून? बहुतेक खेड्यांतून. शाळेची आणि दोन वेळच्या जेवणाची आशा दाखवली, की गरीब आईबाप पोटचे पोर सोपवतात. पाहुण्यांबरोबर देणग्या येतात, त्यामुळे खाटा रिकाम्या ठेवून चालत नाही. पहिल्याच दिवशी मूल गळ्यात पडते, पाहुण्याचे डोळे भरून येतात. अनोळखी माणसाला असे झटकन बिलगणे बालमानसशास्त्राच्या लेखी मात्र तुटलेल्या नात्यांचे लक्षण असू शकते. दहा दिवसांनी निरोप. पुढच्या महिन्यात नवे पथक, नवा निरोप. २०१८ साली ऑस्ट्रेलियाने अनाथालये भरण्यासाठी होणारा मुलांचा व्यापार हा आधुनिक गुलामगिरीचाच प्रकार मानला. काही चर्च आता प्रवासाचा पैसा मुलांच्या घरांकडे वळवतात: शाळेचा खर्च, तांदूळ, आईच्या हाताला काम.