पहिली ओळ एकाची, दुसरी दुसऱ्याची

मराठी निसर्गकविता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एकटा माणूस येतो. पाण्याकाठी बसलेला, गप्प आणि बहुतेक वेळा उदास. 'औदुंबर' शाळेत शिकलेल्या पिढ्यांनी बालकवींना असंच मनात ठेवलं आहे. पण बालकवी हे नाव त्यांना मिळालं ते एकांतात नव्हे, भरल्या सभेत. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, त्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं कविता म्हटली आणि तिथेच त्याला ही पदवी मिळाली. पुढे अहमदनगरला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंच्या घरात तो राहिला. ते घरच कवितेचं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला कविता ऐकवायची आणि त्याची ऐकायची अशी तिथली रीत. 'फुलराणी' या कवितेत तर अख्खं लग्नच लागतं. उदासी बालकवींत आहेच, पण आपण तेवढीच उचलली आणि खेळ मागे ठेवला.

हे मला वसंताच्या कवितेबद्दल फार जाणवतं. एकटा कवी वसंतावर लिहायला बसला की तीन-चार ओळींत वसंत बाजूला पडतो आणि कवीचं मन पुढे येतं. पालवी म्हणजे त्याची आशा, कोकिळेचा स्वर म्हणजे त्याचा विरह, गळलेलं पान म्हणजे त्याचं वय. असं लिहू नये असं मी म्हणत नाही. मोठ्या कवींनी असं लिहून आपल्याला पुष्कळ दिलं आहे. पण त्यात झाड झाड राहत नाही. पुढची ओळ दुसऱ्या कुणाला घालायची असली तर मात्र हे जमत नाही. तुमचा विरह त्याला चालवता येत नाही. समोरचं झाड, पक्षी, पाणी तेवढं दोघांचं सामाईक असतं. म्हणून मिळून लिहिताना वसंत वसंतच राहतो, आणि राहता राहता खेळकर होतो.

कोल्हापूरच्या दक्षिणेला कळंब्याचा तलाव आहे. संस्थानच्या काळात बांधलेला, कात्यायनीच्या डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यांवर भरणारा. एके काळी शहराला इथून पाणी जाई. आता शहरच तलावापर्यंत आलं आहे. सकाळी बांधावर फिरायला येणाऱ्यांची रांग असते. इथला वसंत पुस्तकातल्या वसंतापेक्षा वेगळा आहे. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा. पळस, पांगारा आणि काटेसावर मात्र फाल्गुनातच, अंगावर एक पान नसताना फुलून घेतात. त्यांचा बहर सरत येतो तेव्हा चैत्र लागतो. मग करंजाची कोवळी, चकाकणारी पालवी, पिंपळाची तांबूस पानं आणि कडुनिंबाचा बारीक मोहोर. याच दिवसांत तलावाचं पाणी मागे सरकू लागतं, काठाचा चिखल वाळून भेगाळतो आणि टिटव्या उघड्या जमिनीवर ओरडत फिरतात. म्हणजे इथे फुलणं आणि आटणं एकाच महिन्यात चालतं. वसंताच्या आपल्या बहुतेक कवितांत आटणारं पाणी नाही, कारण त्या कवितांचा वसंत काठावर उभं राहून पाहिलेला नसतो. तो संस्कृत काव्यातून आलेला असतो.

याच बांधावर आम्ही काही ओळखीची माणसं फाल्गुनाच्या शेवटी बसायचो. एकदा मी वहीत काही खरडत होतो. "एकटंच काय लिवताय? मोठ्यानं म्हणा की," असं एक काकू म्हणाल्या आणि मी म्हटलं. तांबट पक्षी सकाळपासून टुकटुक करत होता, त्याच्यावर ओळ होती. दुसरी एका निवृत्त शिक्षकांनी घातली आणि तिसरी काकूंनी. झालं ते असं:

तांबट ठोकतो टुकटुक भांडी, गिऱ्हाईक काही येईना;
पळस म्हणतो, उधार द्या हो, पान फुटू द्या, देईन ना!
टिटवी म्हणाली, जामीन कोण? तळ्यात पाणी राहीना.

ही थोर कविता आहे असा माझा दावा नाही. पण तिच्यात जे घडलं ते मला एकट्यानं जमलं नसतं. माझी ओळ नुसती चित्राची होती. गुरुजींनी पळसाला पान नाही ही गोष्ट पाहिली आणि तिची उधारी केली. काकूंनी सगळा व्यवहार पाण्यापाशी आणून सोडला. गमतीच्या तिसऱ्या ओळीत उन्हाळ्याची काळजी शिरली, तीही कुणी हळहळ न करता. खेळ म्हणजे उथळपणा असं मानणाऱ्यांना मला हीच ओळ दाखवावीशी वाटते. काळजीचं बोलणं हसत आत आणता येतं, कारण खेळात कुणावर गंभीर होण्याची सक्ती नसते.

मराठीला हे नवं नाहीच. आपल्या भाषेच्या पूर्वजाचा, महाराष्ट्री प्राकृताचा सर्वांत जुना ठेवा म्हणजे हालाची 'गाथासप्तशती'. सातशे गाथांचा तो संग्रह एका कवीचा नाही, अनेकांचा आहे. जात्यावरची ओवी दोघी बायका समोरासमोर बसून दळताना झाली. एकीनं सुरू करायची, दुसरीनं उचलायची. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ओव्या गोळा केल्या, तो आकडा एक लाखाच्या वर गेला. कलगी-तुऱ्यात तर एकानं सवाल टाकला की दुसऱ्याला तिथल्या तिथे जबाब द्यावाच लागे. आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे वाटताना जो उखाणा घेतला जातो, तो दोन ओळींची खेळकर वसंतकविताच होऊ शकतो. बहुतेक घरांत आता पाठ केलेला उखाणा म्हणतात, ही खंत आहे. तिथल्या तिथे रचायची हिंमत गेली की उखाण्यात उरतं फक्त नाव.

कवींनीही हे ओळखलं होतं. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे अशी ही मंडळी एकत्र जमून एकमेकांना कविता वाचून दाखवत, मंडळाच्या नावानं संग्रह काढत. यातले माधव जूलियन पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फारसीचे प्राध्यापक झाले आणि १९३९ साली वारले. 'छंदोरचना' हा त्यांचा मराठी वृत्तांवरचा ग्रंथ कोरडा वाटतो खरा, पण मिळून लिहिणाऱ्याला त्याचं मोल लगेच कळतं. सगळ्यांना एक चाल ठाऊक असली तरच एकाची ओळ दुसऱ्याला पुढे नेता येते. वृत्ताला आपण बेडी म्हणत आलो. बांधावरच्या आमच्या तीन ओळींत ती बेडी नसती तर तिघांची बोलणी तीन दिशांना गेली असती.

जपानी हायकूची गोष्ट इथे आठवते. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठीत आला आणि रुजला, पण आपण तो एकट्याच्या क्षणाची कविता म्हणून घेतला. बाशोच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकात, ती तीन ओळींची कविता बैठकीतल्या साखळीची पहिली कडी असे. कुणी एक ती घाली, मग बाकीचे आळीपाळीनं पुढच्या कड्या जोडत. छत्तीस कड्यांच्या साखळीत फुलाची जागा ठरलेली, चंद्राचीही ठरलेली, आणि पहिल्या कडीत त्या दिवसाचा ऋतू यायलाच हवा हा नियम. हायकूला साखळीतून सुटा केला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकी या कवीनं. आपल्याकडे सुटा हायकू पोहोचला, बैठक तिकडेच राहिली.

मिळून लिहिण्यात धोके आहेत, आणि ते मी लहान मानत नाही. चारजण जमले की पहिल्या ओळीत कोकीळ येतो, दुसरीत आंब्याचा मोहोर, कारण ते सगळ्यांना पाठ असतं. टाळी मिळेल त्या यमकाकडे माणूस ओढला जातो. गलक्यात हळू बोलणाऱ्याची चांगली ओळ वाया जाते. यावर मला एकच उपाय खरा वाटतो: जमण्याआधी प्रत्येकानं एकट्यानं फिरून यावं आणि त्या दिवशी स्वतः पाहिलेली एक तरी गोष्ट आणावी. पाहणं एकट्याचंच असतं, त्याला सोबत चालत नाही. शिंजीर पांगाऱ्याच्या फुलात चोच कशी घालतो, पाण्यात टिबुकली बुडाली तर कुठे वर येते, हे दोघं बोलत चालले तर दिसत नाही. एकटेपण पाहण्यासाठी आणि सोबत रचण्यासाठी, अशी वाटणी मला पटते. उलटी वाटणी आपण फार वर्षं केली: मेळाव्यात जाऊन निसर्ग पाहिला आणि घरी दार लावून त्यावर लिहिलं.

मुलांच्या बाबतीत तर हे तातडीनं करायला हवं. शाळेत 'माझा आवडता ऋतू' हा निबंध एकेकट्यानं, तपासणाऱ्याच्या धाकात लिहावा लागतो, आणि सगळ्या वह्यांत तोच कोकीळ कुहू करतो. तीच मुलं खेळताना एकमेकांना चिडवायला क्षणात यमकं जुळवतात. विंदा करंदीकरांनी बालकवितेत ही ताकद ओळखली होती. त्यांच्या 'राणीची बाग'मधले प्राणी मुलांशी बरोबरीनं खेळतात.

म्हणून शिक्षकांना आणि चैत्राचं हळदीकुंकू घालणाऱ्या बायकांना माझी विनंती आहे. यंदा मुलांना वर्गाबाहेर एका झाडाखाली न्या, पहिली ओळ तुम्ही घाला आणि पुढची ज्याला सुचेल त्याला घालू द्या. घरी आलेल्या बायकांना पाठ उखाणा मागू नका, येताना वाटेत काय फुललेलं दिसलं ते विचारा आणि त्यावरच एक ओळ मागा. आणि ओळ कुणाची हे कागदावर लिहून ठेवायची गरज नाही.