क्षमा करायची, पण कोणाला?



जक्कयाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. झाडावर चढलेला बुटका जकातदार म्हणून तो मुलांना आवडतो. मोठ्यांनी मात्र तो खाली उतरल्यावर काय बोलला ते नीट ऐकावे. येशूने त्याच्याकडे हिशेब मागितला नव्हता. तरी ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देईन, असे त्याने आपणहून सांगून टाकले. कबुली आणि भरपाई त्याने एका दमात केली.

एका माणसाला जे जमले ते एखाद्या देशाला जमते का? मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाची हकिगत त्यासाठी पाहण्याजोगी आहे. तेथे १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे यादवी चालली. बंडखोरांना शोधण्याच्या नावाखाली लष्कराने माया आदिवासींची गावेच्या गावे जाळली. क्विचे धर्मप्रांतात धर्मगुरू आणि धर्मशिक्षक मारले जाऊ लागले, तेव्हा १९८० साली बिशप हुआन हेरार्दी यांना तो धर्मप्रांत बंद करावा लागला.

पुढे शांततेच्या वाटाघाटी झाल्या आणि १९९४ साली सत्यशोधनासाठी आयोग नेमायचे ठरले. अट अशी, की आयोगाने कोणा अपराध्याचे नाव घ्यायचे नाही आणि अहवालावरून कोणावर खटलाही व्हायचा नाही. म्हणजे पाप सांगायचे, पापी सांगायचा नाही! तेव्हा हेरार्दी यांच्या पुढाकाराने चर्चने १९९५ साली आपले स्वतंत्र काम हाती घेतले. धर्मग्रामांतील प्रापंचिकांनाच प्रशिक्षण दिले. ते गावोगाव फिरले, लोकांच्या मायन बोलींत त्यांचे ऐकून घेतले आणि हजारो साक्षी जमवल्या. २४ एप्रिल १९९८ रोजी राजधानीच्या कॅथेड्रलमध्ये त्यांचा चार खंडांचा अहवाल मांडण्यात आला. दोनच दिवसांनी, २६ तारखेच्या रात्री, पंचाहत्तर वर्षांच्या हेरार्दी यांना त्यांच्या राहत्या घराच्या गॅरेजमध्ये डोके ठेचून मारण्यात आले.

२००१ साली न्यायालयाने तीन लष्करी माणसांना दोषी ठरवले. त्यांच्याबरोबर एका धर्मगुरूलाही. हे सांगायला आपल्याला जड जाते. पण सत्यावर बोलायचे आणि नेमके हेच गाळायचे, हे बरे नव्हे.

आयोगाचा अहवाल १९९९ साली आला. मेलेले आणि बेपत्ता झालेले मिळून दोन लाखांहून अधिक, आणि नोंदलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्के सरकारी फौजा व त्यांच्या हस्तकांचे, असे त्याने लिहिले. नावे अर्थातच नाहीत.

अशा वेळी ‘झाले गेले विसरा, ख्रिस्ताने क्षमा शिकवली आहे’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपणही मयताच्या घरी किंवा भाऊबंदकीच्या तंट्यात असे चटकन बोलून जातो. पण ज्या आईला मुलगा कोणी नेला आणि कुठे पुरला हेच ठाऊक नाही, तिने क्षमा करायची ती कोणाला? हाबेलाला मारल्यावर देवाने काइनाला आधी विचारले ते त्याच्या भावाविषयी. दयेने त्याच्यावर खूण केली ती नंतर. प्रायश्चित्त संस्कारातही पश्चात्ताप लागतो, कबुली लागते आणि धर्मगुरू देतो ते प्रायश्चित्तही करावे लागते. दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप डेझमंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने निदान संपूर्ण कबुली देईल त्यालाच माफीची सोय ठेवली होती. मला तोही सौदा अपुरा वाटतो, कारण भरपाई मागेच राहिली. पण तेथे अपराध्याला तोंड तरी उघडावे लागले.

ग्वाटेमालात न्याय लंगडतच आला. माजी लष्करशहा रिओस माँट यांना १० मे २०१३ रोजी वंशसंहाराच्या खटल्यात ८० वर्षांची शिक्षा झाली, दहा दिवसांत घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली, आणि फेरखटला चालू असतानाच २०१८ साली ते वारले. चर्चने मात्र आपली माणसे विसरली नाहीत. २०२१ साली क्विचेच्या तीन धर्मगुरूंना आणि सात प्रापंचिकांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांतला एक बारा वर्षांचा मुलगा होता.

सामूहिक खड्डे उकरून हाडे ओळखण्याचे काम पुढेही कित्येक वर्षे चालत राहिले. कुजलेल्या कापडाची वीण पाहून घरची माणसे आपले माणूस ओळखतात. मग लहानशा पेटीत हाडे ठेवतात, रात्रभर जागरण करतात आणि आपल्या गावच्या मातीत त्याला पुरतात.