अखमथाच्या दप्तरखान्यातील गुंडाळी

शास्त्रपाठ : एज्रा, अध्याय ५ व ६, हाग्गय, अध्याय १



यरुशलेमात मंदिराच्या भिंती उभ्या राहत होत्या. इतक्यात नदीपलीकडील प्रांताचा अधिपती ततनइ आपल्या सोबत्यांसह तेथे आला. हे मंदिर बांधण्याची परवानगी तुम्हांला कोणी दिली, असे त्याने विचारले. वडीलमंडळाने उत्तर दिले की, कोरेश राजाने ती दिली आहे. परंतु ते सिद्ध करील असा एक कागदही त्यांच्या हाती नव्हता. कोरेश मरण पावला होता. त्याचे फर्मान कोठे ठेवले आहे, हे ठाऊक नव्हते. ततनइने दारयावेश राजाला पत्र लिहिले व दप्तराचा शोध घेण्याची विनंती केली.

ज्या राज्याच्या दप्तरात हा शोध झाला त्याची नगरे आज इराणात आहेत व मोटारीच्या रस्त्याने एकामागून एक पाहता येतात. चला, नकाशा व पवित्र शास्त्र समोर ठेवून आपण त्या मार्गाने मनाने जाऊ या.

आरंभ शिराझपासून करू. तेथून सुमारे ६० किलोमीटरवर पर्सेपोलिस आहे. तेथील लोक त्याला तख्ते जमशीद म्हणतात. दारयावेशाने इ.स.पू. ५१८ च्या सुमारास त्याचे काम सुरू केले. सभागृहाच्या जिन्यावर २३ देशांचे लोक राजाकडे नजराणे घेऊन निघालेले कोरले आहेत. त्यांत आपल्या सिंधुप्रदेशाचेही लोक आहेत. इ.स.पू. ३३० मध्ये शिकंदराच्या सैन्याने हे वैभव जाळले. पण १९३३ साली येथील तटबंदीत मातीचे हजारो लेखपट सापडले. त्यांत कोणताही पराक्रम नाही. कोणत्या प्रवाशाला वाटेत किती पीठ दिले, कोणत्या कामकऱ्याला किती धान्य मिळाले, असा रोजचा हिशेब आहे. नहेम्याने अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे का मागून घेतली, हे असे लेख पाहिले म्हणजे उमगते. या राज्यात लेखावाचून पाऊल पुढे पडत नसे. म्हणूनच ततनइचा प्रश्न क्षुल्लक नव्हता.

पर्सेपोलिसच्या ईशान्येस पासारगादे येथे कोरेशाची कबर आहे. सहा पायऱ्यांच्या दगडी चौथऱ्यावर उतरत्या छपराची एक साधी खोली आहे. आत आज काहीही नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल जिंकणारा हा सम्राट इ.स.पू. ५३० मध्ये मरण पावला. पुढे लोक त्याचे नावही विसरले आणि या वास्तूस शलमोनाच्या आईची कबर म्हणू लागले. कोरेशाच्या विजयाचा मातीचा स्तंभिकालेख १८७९ साली बाबेलच्या अवशेषांत सापडला व पुढे २०१३ च्या अखेरीस मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आला होता. त्यात कोरेश आपल्या यशाचे श्रेय बाबेलच्या मर्दूक देवाला देतो. यहूद्यांचा उल्लेख त्यात नाही. म्हणून आपण दचकू नये. यशयाच्या ४५ व्या अध्यायात परमेश्वर कोरेशाला नावाने हाक मारतो, आणि तो आपल्याला ओळखत नाही हेही स्वतःच सांगतो. ज्याला देवाची ओळख नव्हती, त्याच्या हातून देवाने आपल्या लोकांच्या सुटकेचा हुकूम लिहवून घेतला.

येथून पश्चिमेस झाग्रोस पर्वत ओलांडून सपाटीवर उतरले की शूश नगर लागते. तेच शास्त्रातील शूशन. येथे एस्तेर राणी झाली आणि येथेच नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता. दारयावेशाच्या येथील राजवाड्याच्या शिलालेखात बांधकामाचे साहित्य कोठून आले ते नमूद आहे : देवदार लबानोनातून, सोने सार्दीस व बाख्त्रियातून, आणि हस्तिदंत ज्या देशांतून आले त्यांत हिंदुदेशही आहे. एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच वचनात राज्याची सीमा हिंदुस्थानापासून सांगितली आहे, ती उगीच नव्हे. शूशनहून सार्दीसपर्यंत राजमार्ग होता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस त्यावरील १११ मुक्काम व ९० दिवसांची वाट सांगतो. अशाच वाटांनी ततनइचे पत्र गेले असेल. त्या काळी बाबेलहून यरुशलेमास जाण्यास एज्राला चार महिने लागले. एका प्रश्नाचे उत्तर यायला किती दिवस लागत असतील, याची यावरून कल्पना करावी.

शूशहून उत्तरेस पुन्हा डोंगर चढत गेले की केरमानशाह येते आणि तेथून हमदानकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिसितूनचा कडा उभा राहतो. त्यावर दारयावेशाने आपल्या बंडखोरांवरील विजयाची कथा तीन भाषांत कोरविली. पण ती इतक्या उंचावर आहे की, रस्त्याने जाणाऱ्याला तिचे एक अक्षरही वाचता येत नाही. पुढे हमदानजवळ अलवंद पर्वताच्या पायथ्याशी दारयावेश व त्याचा पुत्र झेर्झेस यांचे आणखी दोन शिलालेख आहेत. लोक त्यांना गंजनामा, म्हणजे खजिन्याचा लेख, म्हणतात. ही अगम्य लिपी वाचणाऱ्याला पुरलेले धन सापडेल, अशी त्यांची समजूत होती. लिपी वाचली गेली तेव्हा त्यांत धनाचा पत्ता नव्हता. राजाच्या देवाची स्तुती व राजाची बिरुदे होती.

आणि हे हमदान म्हणजेच शास्त्रातील अखमथा. पारसी राजे उन्हाळ्यात येथे राहत. दारयावेशाच्या आज्ञेने प्रथम बाबेलच्या दप्तरखान्यात शोध झाला. परंतु गुंडाळी सापडली ती मेदी प्रांतातील या डोंगरी नगरात. तिच्यात कोरेशाचा हुकूम होता. मंदिराची मापे होती, खर्च राजाच्या खजिन्यातून द्यावा असे होते, आणि सोन्यारुप्याची पात्रे परत करावीत असेही होते. दारयावेशाने त्याला पुष्टी दिली. काम अडवावयास आलेल्या ततनइनेच आता प्रांताच्या करातून कामाचा खर्च द्यावा, असा हुकूम झाला. त्याने प्रश्न केला नसता तर कदाचित ही गुंडाळी कोणी उघडलीही नसती.

परंतु, प्रियजनहो, या कथेचे मर्म गुंडाळी सापडण्यात नाही. ते त्याच्या आधी आहे. मंदिराचा पाया घातल्यानंतर विरोध झाला आणि काम सुमारे १६ वर्षे बंद पडले. त्या काळात फर्मान रद्द झाले नव्हते. ते अखमथात सुरक्षित होते. तरीही भिंती उभ्या राहिल्या नाहीत. मग इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा उठला व त्याने लोकांच्या वर्मावर बोट ठेवले. देवाच्या घराची वेळ अजून आली नाही असे म्हणणाऱ्यांची स्वतःची घरे मात्र तक्तपोशीची झाली होती. अडथळा खरा होता, पण अडथळ्याच्या आडोशाला सोयही दडली होती.

लोकांनी ते ऐकले आणि जरुब्बाबेल व येशूवा यांच्यासह पुन्हा दगड उचलले. त्या क्षणी त्यांच्या हाती परवानगीचा लेख नव्हता. ततनइ आला तेव्हा ते खोटे बोलले नाहीत व भांडलेही नाहीत. त्यांनी आपल्या पूर्वजांचे पाप न लपविता सर्व वृत्तान्त सांगितला. एज्राच्या ५ व्या अध्यायाच्या ५ व्या वचनात म्हटले आहे की, देवाची दृष्टी त्या वडिलांवर होती आणि उत्तर येईपर्यंत काम थांबले नाही. पत्र दूरच्या वाटांनी जात होते, दप्तरखाने धुंडाळले जात होते, आणि इकडे यरुशलेमात दगडावर दगड चढत होता.

आपली स्थिती काय आहे? कोठे शब्बाथशाळा बंद पडली आहे. शिक्षक मिळत नाहीत, असे आपण म्हणतो. कोठे दोन सख्खे भाऊ एकाच मंडळीत प्रभुभोजन घेतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. योग्य वेळ आली की बोलू, असे म्हणतात. महाराष्ट्रापासून दूर नोकरीनिमित्त राहणाऱ्या किती घरांतून कौटुंबिक प्रार्थना सुटली आहे! स्थिरस्थावर झालो की पुन्हा सुरू करू, असे आपण म्हणतो. क्षमेची, उपासनेची व सेवेची आज्ञा प्रभूने मागे घेतलेली नाही. १६ वर्षे लोटली म्हणून देवाचा शब्द जुना होत नाही. मग आपण कोणत्या कागदाची वाट पाहत आहोत?

कोणी म्हणेल, काम करूनही फळ दिसले नाही तर? याच पारस देशाच्या वाटेवरील एक उदाहरण पाहा. पाळक हेन्री मार्टिन यांनी दीनापूर व कानपूर येथे सेवा केली. १८११ साली ते कलकत्त्याहून निघाले व मुंबईमार्गे समुद्राने जाऊन शिराझला पोहोचले. तेथे मिर्झा सय्यद अली यांच्या साहाय्याने त्यांनी नव्या कराराचे फारसी भाषांतर १८१२ मध्ये पुरे केले. आपल्या हाताने ते शहाला देण्याची त्यांची इच्छा होती. पण आजारामुळे ते घडले नाही. हस्तलिखित इंग्रज वकील सर गोर औसली यांच्याकडे राहिले. मार्टिन मायदेशी जाण्यासाठी निघाले आणि १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानातील तोकात येथे, वयाच्या ३१ व्या वर्षी मरण पावले. औसलींनी ते भाषांतर शहाकडे पोहोचविले आणि १८१५ मध्ये ते सेंट पीटर्सबर्ग येथे छापले गेले. मार्टिन यांनी त्याचे छापील पान पाहिले नाही. पण त्यांचा दगड भिंतीत बसला होता.

पन्नासाव्या दिवशी यरुशलेमात जमलेल्या ज्या लोकांनी प्रेषितांचे भाषण आपापल्या भाषेत ऐकले, त्यांत मेदी व एलामी लोकही होते. एलामी म्हणजे शूशनच्या प्रदेशाचे, मेदी म्हणजे अखमथाच्या. ज्या देशांच्या नगरांतून मंदिर बांधण्याची अनुज्ञा आली होती, त्यांच्या लोकांच्या कानी यरुशलेमात सुवार्ता पडली. राजवाडे जळाले, कबर रिकामी झाली, कड्यावरची बढाई वाचता येईना. परंतु एका गुंडाळीत लिहिलेला देवाचा हेतू हरवला नाही.

दारयावेशाच्या सहाव्या वर्षी, अदार महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, मंदिर पूर्ण झाले. आपल्या हातून सुटलेले काम कोणते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. उत्तर वाटेवर असेल. तोवर दगड उचलू या.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तुझा शब्द आमच्याजवळ असून आम्ही थांबलो, याची आम्हांला क्षमा कर. जे आम्हांला दिसत नाही ते तुझ्या हाती सुरक्षित आहे, असा विश्वास आम्हांला दे आणि आज आमचे हात कामाला लाव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.