दिवा कोणाच्या हातीं?

करमणूक ही नीतिविचाराची बाब आहे काय? पुष्कळांस हा प्रश्नच निरर्थक वाटेल. आठवडाभर कचेरींत राबलेल्या मनुष्यानें रविवारीं कुटुंबासह चित्रपट पाहावा, मुलांना पाळण्यांत बसवावें आणि परततांना बाहेरच जेवून यावें, यांत पाप तें कसलें? उलटपक्षीं घरोघरचे वडीलधारे यावर कपाळास आठ्या घालतात. पैशाचा चुराडा आणि वेळेचा अपव्यय, हा त्यांचा आक्षेप. मला वाटतें, या वादांत दोन्ही पक्ष आपापल्या खिशाकडेच पाहत असतात. करमणुकीची नीति ठरवावयाची तर नजर अन्यत्र वळविली पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. हीं सुखें नव्या काळानें आणलीं आणि पूर्वीचे लोक केवळ देवधर्मांत रमत, असें मानण्याचें कारण नाहीं. आमच्या नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांतील, मढीची यात्रा घ्या. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत लोक गड चढून कानिफनाथांच्या समाधीचें दर्शन घेतात, आणि खालीं उतरून रेवड्या बांधून घेतात, गाढवांच्या बाजारांत सौदे करतात, पाळण्यांत बसतात. भटक्यांची पंढरी म्हणून हें स्थान ओळखलें जातें. एके काळीं अशा जत्रांतून तंबूंतला सिनेमाही येत असे. चित्रपट, पाळणा आणि बाहेरचें खाणें हीं तिन्ही देवाच्या साक्षीनें एकाच मैदानावर नांदत. तेव्हां सुखाला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं.

मागील सुटींत नातवंडांसह शिरडीस गेलों होतों. दर्शनानंतर मुलांच्या आग्रहावरून साईतीर्थ नांवाच्या उद्यानांत शिरलों. तेथें गाडींत बसल्या बसल्या देशांतील प्रसिद्ध देवळांच्या प्रतिकृति पुढून सरकत जातात. पाय न दुखतां यात्रा घडली याचें मला हसूं आलें. परंतु मुलांचे विस्फारलेले डोळे पाहून तें ओसरलें. सायंकाळीं परततांना महामार्गावरील एका हॉटेलांत जेवलों. शेवभाजी तिखट, भाकरी गरम. मन तृप्त झालें. टेबल पुसावयास आलेला पोरगा सतरा-अठरा वर्षांचा असेल. धाकट्या नातवानें त्याला विचारलें, "दादा, तूं बसलास का त्या गाडींत?" तो हसला. "रविवारींच गर्दी असते," एवढें म्हणून ताटें उचलून आंत गेला. तोंवर त्याच्या हातांतल्या फडक्यापलीकडे मीं कांहीं पाहिलें नव्हतें.

त्या रात्रीं मला नागराज मंजुळे यांचा, २०१४ सालीं प्रदर्शित झालेला, 'फॅन्ड्री' हा चित्रपट आठवला. त्याची कथा नगरजवळच्या अकोळनेर गांवांत घडते. नांवांतला शब्द कैकाडी बोलींतला, अर्थ डुक्कर. गांवांत जत्रा आहे, वाद्यें वाजत आहेत, पोरें बेभान नाचत आहेत. जब्यालाही नाचावयाचें आहे. पण तो डुकरें धरणाऱ्या घरचा मुलगा. त्याच्या वांट्यास दिवा धरण्याचें काम येतें. त्या उजेडांत इतरांचा आनंद फुलतो, आणि तोच उजेड त्याला जागेवर खिळवून ठेवतो. हा चित्रपटही मीं थंडगार चित्रगृहांत, पैसे मोजून, करमणूक म्हणूनच पाहिला होता. शेवटीं जब्यानें भिरकावलेला दगड प्रेक्षकांच्याच दिशेनें येतो, तेव्हां दचकलों. आणि बाहेर येऊन चहा घेतला.

येथें कोणी म्हणेल, आपण बाहेर जेवलों नाहीं तर त्या पोराला मजुरी कोठून मिळणार? हें म्हणणें खरें आहे. आमच्या घरीं बसण्यानें त्याची सुटी होत नाहीं, रोजी मात्र बुडते. म्हणून त्याग हें कांहीं उत्तर नव्हे. कोणी तरी दिवा धरल्यावांचून जत्रा होत नाहीं, हेंही मान्य. अन्याय होतो तो धरणाऱ्याची पाळी कधींच येत नाहीं तेव्हां. गांवच्या जेवणावळींत वाढपी शेवटच्या पंगतीस बसत, आणि आधीं जेवलेले उठून त्यांना वाढीत. ती रीति चांगली होती. मात्र त्याच गांवांत कांहीं माणसांना कोणत्याच पंगतींत जागा नव्हती. तीं बाहेर उरलेल्या अन्नाची वाट पाहत बसत, हें विसरतां कामा नये. शिरडीच्या प्रसादालयांत आज कोण कुठला हें कोणी विचारीत नाहीं. ज्यांच्या नांवानें तें चालतें ते साईबाबा १९१८ सालीं निवर्तले. हयातींत ते स्वतः हंडी ढवळून लोकांना वाढीत, असें त्यांचे भक्त सांगत आले आहेत. वाढणाऱ्यास जेवावयास मिळावें, आणि जेवणाऱ्यानें कधीं तरी हातांत पळी घ्यावी, एवढा बोध त्यांतून घेतला तरी पुरे.

हा बोध हॉटेलवाल्यास सांगणें सोपें. नोकरांची सुटी आणि पगार हीं मालकाचीं व कायद्याचीं कामें, असें म्हणून आपण मोकळे होतों. पण मालक आपणही आहों. आमच्या घरीं काम करणाऱ्या बाईंना शिरडीच्या दिवशीं आम्हीं रजा दिली होती, आणि त्याचें मला समाधान वाटत होतें. मग आठवलें कीं, ती रजा आमच्या सोयीची होती. घरीं कोणी नव्हतेंच. त्यांनीं स्वतः मागितली होती ती त्यांच्या गांवच्या जत्रेसाठीं, आणि त्या दिवशीं पाहुणे येणार म्हणून आम्हीं ती नाकारली होती.

जत्रा पुढील वर्षीं पुन्हां आहे. त्या दिवशीं पाहुणे आले तरी भांडीं मीं घासावीं, असा विचार आहे. घरांत अजून कोणाला सांगितलेलें नाहीं.