मी केलेली तिवई

‘हे तुम्ही केलंत?’ या प्रश्नाचं खरं उत्तर देणं किती अवघड असतं, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर विचारण्याजोगं माझ्या हातून काही झालंच नव्हतं. बँकेत चोवीस वर्षं कारकुनी केली. तिथे कोणी ‘हे तुम्ही केलंत?’ असं विचारलं, की काहीतरी चुकलेलं असतं आणि उत्तर ‘नाही’ असं असतं.

सुरुवात एका यंत्रापासून झाली. आम्हा बँकवाल्यांना वर्षातून पाच दिवसांची रजा विकून पैसे घेता येतात. मी ती विकली, त्यात थोडी भर घातली आणि एक स्क्रोल सॉ मागवली. स्क्रोल सॉ म्हणजे नक्षीकामाची विजेवर चालणारी करवत. दोऱ्यासारखं बारीक पातं वर-खाली ताणून बसवलेलं असतं आणि ते शिवणयंत्राच्या सुईसारखं नाचतं. लाकडाला आधी भोक पाडायचं, पातं त्यातून ओवून घ्यायचं, आणि मग फळीच्या कडेला धक्का न लावता आतल्या आत मोर काढा, वेलबुट्टी काढा, काय वाटेल ते काढा. शाळेत हस्तकलेच्या तासाला हाताच्या करवतीने मी एक मोर कापायला घेतला होता. सातवी संपली तरी तो मानेपाशीच होता. तो पुरा करावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

यंत्र आलं. ते मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. या करवतीचं पातं मिनिटाला चारशेपासून सोळाशे वेळा खाली-वर होतं. टेबलावरच्या वाटीतल्या आमटीवर लाटा उठल्या, फडताळातले स्टीलचे डबे टाळ कुटू लागले, आणि करवत स्वतः लहान लहान पावलं टाकत टेबलाच्या कडेकडे निघाली. सौ. ने वाटी उचलली आणि म्हणाली, “एक तर हे इथे राहील, नाहीतर मी.” म्हणजे स्टँड आलंच.

तयार स्टँड साडेतीन हजाराला होतं. पण करवत घेतलेल्या माणसाने लाकडाची वस्तू विकत आणावी? हे म्हणजे गिरणीवाल्याने पोळीभाजी केंद्रावर जाण्यासारखं झालं. शिवाय लाकूड घरात होतं. आम्ही सांगलीचे, आणि तेही नदीपासून फार लांबचे नव्हेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या माजघरात कमरेएवढी येऊन राहून गेली. ती गेल्यावर पाहिलं तर नव्या फॅशनचं प्लायवुडचं कपाट भिजलेल्या टोस्टासारखं फुगलेलं, आणि आजोबांच्या वेळची सागवानी चौकट मात्र जशीच्या तशी. सागाच्या लाकडात मुळातच तेल असतं, ते पाण्याला फारसं जुमानत नाही. पुढे ती भिंत पाडावी लागली, पण चौकट मी पडवीत उभी करून ठेवली होती. पण सागाला हात लावायची छाती होईना, म्हणून मी बाजारातून चार रिपा आणि त्या कपाटाचंच एक बरं राहिलेलं प्लायवुड, असं भांडवल घेऊन कामाला लागलो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते लांबवण्यासारखं नाही. चार पाय केले. एक आखूड निघाला. म्हणून बाकीचे तीन कापले. मग तो लांब निघाला. लोण्याचा गोळा आणि माकड यांची गोष्ट आठवा. फक्त इथे माकडाच्या पोटातही काही गेलं नाही, नुसता भुसा झाला. तीस इंचांचं स्टँड सव्वीस इंचांवर आलं. त्यावर करवत ठेवून बटण दाबलं, तर सगळा सांगाडा वारकऱ्यासारखा डावी-उजवीकडे झुलायला लागला.

अशा वेळी मिस्त्री आले. म्हणजे मी बोलावलं नव्हतं. मिस्त्री आमच्या शाखेतले जुने खातेदार. पंच्याहत्तरीचे असतील. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते काउंटरवर येतात, पासबुक सरकवतात, मी पैसे काढायची स्लिप भरतो, ते सही करतात. त्या महिन्यात मी रजेवर होतो, म्हणून ते स्लिप घेऊन सरळ घरी आले. स्लिप भरून होईस्तोवर त्यांची नजर स्टँडवर होती.

“सायेब, ह्ये कुणी केलं?”

“मी.”

त्यांनी एका बोटाने स्टँडला ढकललं. ते झुललं. “चौथा पाय कशाला लावलाय?”

मला वाटलं, चेष्टा करतात. पण मिस्त्रींनी मला पडवीत उभ्याउभ्या जे सांगितलं, ते मला भूमितीच्या मास्तरांनीही पटवून दिलं नव्हतं. चार पायांची वस्तू सपाट जमिनीवरच धड उभी राहते, आणि आमच्या पडवीच्या फरशीसारख्या फरशीवर कायम लंगडते. तीन पाय कुठेही टेकतात. म्हणून तर तिवई तीन पायांची. दुसरं, पाय सरळ नकोत, तळाशी फाकलेले हवेत, कुस्तीगीर उभा राहतो तसे. तिसरं, चौकोन कोपऱ्यात दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. म्हणून पायापायांत तिरप्या पट्ट्या हव्यात. आणि चौथं, वजन. यंत्राचा थरथराट खाऊन टाकायला खाली काहीतरी जड हवं. “वाळूचं पोतं ठेवा. त्याला काय बी लागत न्हाई, नुसतं बसून ऱ्हातंय.” वाळूच्या पोत्याचं हे वर्णन ऐकून मला आमच्या शाखेतल्या दोघातिघांची आठवण झाली.

पुढच्या रविवारी मिस्त्री पटाशी, रंधा आणि गुण्या घेऊन आले. पाय नवे केले. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या चुका उपटून पट्ट्यांना कुसू पाडले, पायांना भोकं पाडली, आणि एकही खिळा न मारता पाचर ठोकून सांधे बसवले. तिसऱ्या रविवारी माझं प्लायवुड ढोलकीसारखं वाजतं म्हणून तेही गेलं, आणि त्या जागी आजोबांच्या चौकटीचा जाड सागवानी तुकडा आला. साग दिसायला मऊ, पण हत्यारांची धार खातो. त्याच्या पोटात वाळूच्या जातीचे कण असतात. मिस्त्री दर दहा मिनिटांनी थांबून पटाशीला धार लावत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी काउंटरवर कधी न पाहिलेलं समाधान होतं. हल्ली सगळीकडे तयार फर्निचर. त्यांना बोलावणं येतं ते दाराची बिजागरी कुरकुरते म्हणून. कुसू पाडायला मिळून किती वर्षं झाली, ते बोटांवर मोजत होते. मी काय करत होतो? मी टॉर्च धरत होतो. आणि चहा सांगत होतो.

तिवई तयार झाली. करवत तिच्यावर बसवली, मोटार पूर्ण वेगात सोडली, आणि यंत्रावर उभं केलेलं एक रुपयाचं नाणं पडलं नाही.

नेमके त्याच वेळी आमचे साडू आले. साडू या नात्याचा स्वभाव वाचकांना ठाऊक असेलच. दोन माणसांनी एकाच घराण्याकडून मार खाल्लेला असतो, पण म्हणून त्यांच्यात बंधुभाव निर्माण होत नाही. कोणी जास्त चांगला सोसला याची चढाओढ लागते. साडूंनी तिवईभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “हे तुम्ही केलंत?”

मी म्हणालो, “हो. दोनशे पंच्याऐंशी रुपयांत.”

मिस्त्री कोपऱ्यात बसले होते. त्यांनी पटाशी डोळ्यांसमोर धरली, धारेवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा पिशवीत ठेवली. बस, एवढंच.

रात्री सौ. म्हणाली, “अहो, मिस्त्री तिथेच बसले होते.”

आता मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चोरी पकडली गेली की आम्ही प्रथम हिशेब मांडतो. स्क्रू ८५, सरस १४०, पॉलिश पेपर ६०, एकूण २८५. आकडे बिनचूक होते. मी खोटं बोललोच नव्हतो! फक्त ‘मजुरी’ या सदरापुढे शून्य होतं, आणि वीस वर्षं ताळेबंद पाहिल्यावर मला एवढं कळतं, की लबाडी आकड्यांत क्वचितच सापडते, ती शून्यांत सापडते.

मग मी तत्त्वज्ञानाकडे वळलो. हिशेब अंगाशी आला की माणूस तिकडेच वळतो. मी सौ. ला म्हणालो, “केलं म्हणजे तरी काय गं? तू सकाळी पोहे केलेस. खरं म्हणजे भात शेतकऱ्याने पिकवला, पोहे गिरणीने कांडले, कांदा लासलगावचा...”

“मग उद्यापासून लासलगावलाच मागा,” ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

मला झोप येईना. पाली भाषेत ‘मिलिंदपञ्ह’ नावाचा एक जुना ग्रंथ आहे. त्यात मिलिंद नावाचा यवन राजा रथात बसून नागसेन भिक्षूंना भेटायला येतो. नागसेन त्याला विचारतात, की रथ म्हणजे नक्की काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी म्हणजे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ राहिला कुठे? सगळे भाग एकत्र आले की त्याला आपण ‘रथ’ म्हणतो, एवढंच. मी अंथरुणावर पडल्यापडल्या तोच प्रयोग केला. पाय म्हणजे तिवई का? नाही. पाय मिस्त्रींचे. पट्ट्या? मिस्त्रींच्या. फळी? आजोबांची. वाळू? शेजारच्या बांधकामावरची, आणि तीही विचारून आणलेली नव्हे. माझं काय? करवत घट्ट करणारे चार स्क्रू. नागसेनांनी राजाला मोकळं केलं; मला मात्र चार स्क्रूंवर आणून सोडलं.

बरं, मला ती तिवई इतकी माझी का वाटावी? यावरही विद्वानांनी विचार केला आहे. अमेरिकेतल्या तीन प्राध्यापकांनी २०१२ साली एक निबंध छापला. त्यांनी लोकांना कागदाचे बगळे आणि बेडूक करायला लावले आणि मग त्यांची बोली लावायला सांगितली. त्रयस्थांना ते चोळामोळा झालेले कागद वाटले. पण ज्यांनी ते केले होते त्यांनी स्वतःच्या वाकड्या बेडकाला जवळजवळ कसबी माणसाच्या बेडकाइतकी किंमत लावली. सुटे भाग घरी नेऊन जोडायचं फर्निचर विकणाऱ्या कंपनीवरून या दुखण्याला ‘आयकिया इफेक्ट’ असं नाव पडलं. पण त्या बिचाऱ्यांनी निदान कागद स्वतः दुमडला होता. नुसता टॉर्च धरून बेडूक आपला वाटायला लागणं, ही पुढची पायरी माझी.

सकाळी मी दोन हजार रुपये पाकिटात घातले आणि मिस्त्रींच्या घरी देऊन आलो. ते घरी नव्हते, सुनेकडे दिले. हलकं वाटलं. पैसे दिले की नेहमीच वाटतं.

सोमवारी अकरा वाजता मिस्त्री काउंटरवर उभे. त्यांनी माझ्यापुढे पासबुक सरकवलं नाही, एक स्लिप सरकवली. पैसे भरायची स्लिप. मी आजवर त्यांची प्रत्येक स्लिप भरली. ही त्यांनी स्वतः भरली होती. अक्षर जाड, ओळ वर चढत गेलेली. रक्कम दोन हजार. खातेदाराचं नाव माझं.

“मिस्त्री, हे काय? तुमची मजुरी आहे ती.”

“मजुरी मागितली व्हती का?”

“मागितली नाहीत म्हणून काय झालं? आमच्याकडे कर्ज निर्लेखित केलं, तरी ते माफ झालेलं नसतं. वसुली चालूच राहते.”

मागे रांग खोळंबली होती. मिस्त्री थोडे पुढे वाकले. “सायेब, तुम्ही इतकी वर्सं माझी चिठ्ठी भरून देताय. म्हणून त्यातलं पैसं तुमचं झालं का? न्हाई न्हवं? मग म्या तुमचं स्टँड भरून दिलं. त्ये तुमचंच.”

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग लक्षात आलं, की त्यांचे पैसे स्लिप भरण्यापूर्वी त्यांच्या खात्यात होते. त्यांनी आयुष्यभर रंधा मारून ते ठेवले होते. माझ्या खात्यात तिवई कुठे होती? माझी होती ती झुलणारी, सव्वीस इंची. माझ्या खात्यात शिल्लक नसताना त्यांनी चेक वटवला होता, आणि वर सांगत होते की पैसे तुमचेच.

पण रांगेतल्या माणसाला नागसेन ऐकवून चालत नाही. मी स्लिप घेतली. आमच्याकडे एक नियम आहे: नोंद करणारा एक आणि ती तपासून मंजूर करणारा दुसरा. स्वतःची नोंद स्वतः मंजूर करायला गेलो तर संगणकही ऐकत नाही. खरं तर तपासणारे पुष्कळदा न बघताच मंजूर करतात, आणि मग चौकशीत ‘हे तुम्ही केलंत?’ असा प्रश्न दोघांनाही येतो. ती स्लिप हातात असताना मला हा नियम आठवला. घरी मी माझीच नोंद मीच करून मीच मंजूर केली होती, आणि तीही साडूंसमोर.

त्या रविवारी मिस्त्रींना चहाला बोलावलं. साडूंनाही बोलावलं, ते काही आले नाहीत, पण त्यांना आदल्या रात्री फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, “मला वाटलंच होतं.” साडूच तो. करवतीवर माझा मोर एव्हाना गळ्याखाली उतरला होता, तो मिस्त्रींना दाखवला. त्यांनी मान हलवली, नेमकी कोणत्या दिशेने ते मला कळलं नाही. मग मी करवत उतरवली, तिवई उलटी केली आणि फळीच्या पोटावर व्हाउचरवर असतात तशी दोन सदरं पेन्सिलीने आखली. एकात लिहिलं, ‘तयार करणार’. दुसऱ्यात, ‘तपासणार’. पहिल्या सदरात त्यांचं नाव मी आधीच घातलं होतं. दुसऱ्याखाली मी सही करणार, एवढ्यात मिस्त्रींनी माझा हात धरला.

“तपासणारा म्या ऱ्हातो. तुम्हास्नी काय कळतंय त्यातलं?”

“मग तयार करणार कोण?”

“बघू की. आधी तपासू तर द्या.” त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, चष्मा पुसला, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि पाचरीवर नख फिरवलं. “मागचा पाय ढिला झालाय सायेब. कुणी वडला?”

“मी,” मी म्हणालो.